बॅटरी काढून सुपरकपॅसिटर बसवावा का? आधी रात्रीच्या मेन स्विचबद्दल बोलू

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. आडगावात तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड बॅटरी आहे. सहा वर्षांत आता तिसरी बॅटरीही निकामी होत आलीय. लाईट गेली की दोनपैकी जुना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म जातो. तुम्ही एक व्हिडिओ पाहिला, त्यात सहा सुपरकपॅसिटर (वीज साठवणारे, खूप मोठ्या क्षमतेचे कपॅसिटर) जोडून गाडी सुरू केलेली आहे आणि ‘आयुष्यभर बदलायला नको’ असं सांगितलंय. म्हणून विचारताय की बॅटरी काढून तेच बसवलं तर एकदाच खर्च होईल का. शेवटी सहज म्हणून लिहिलंय, की रात्री दुकान बंद करताना सुरक्षेसाठी मेन स्विच पाडता, फक्त सीसीटीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो.

मला त्या शेवटच्या ओळीवरच थांबावंसं वाटलं. पण तुमचा मुख्य प्रश्न कपॅसिटरचा आहे, तर आधी तो.

मी गेली सत्तावीस वर्षं नाशिकच्या सातपूर-अंबड भागात इन्व्हर्टर, यूपीएस आणि कारखान्यांच्या पॅनेलची कामं करतो. बॅटरी चांगली की कपॅसिटर, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, वीज किती वेळ पुरवायची आहे? सेकंदाचं काम असेल तर कपॅसिटर, तासांचं असेल तर बॅटरी. मधल्या काही मिनिटांच्या कामाला मात्र परिस्थिती बघून ठरवावं लागतं, तिथे सरसकट उत्तर नाही.

हे असं का, ते विहीर आणि हौदावरून नीट समजतं. हौदातून पाणी काढलं की तेवढी पातळी उतरते. अर्धं काढलं की अर्धा हौद. कपॅसिटरचं तसंच आहे. त्यात वीज प्लेटांवर विद्युतभार म्हणून साठते, आत कसलीही रासायनिक घडामोड नाही. म्हणून ती क्षणात भरता येते, क्षणात काढता येते आणि लाखो वेळा भरली-काढली तरी फारसं काही झिजत नाही. पण वीज काढायला लागलात की पहिल्या क्षणापासून व्होल्टेज उतरायला लागतं. विहिरीला झरा असतो. पाणी उपसत राहिलं तरी झरा भरून काढतो आणि पातळी बराच वेळ टिकते. बॅटरीत हा झरा म्हणजे प्लेट आणि ॲसिड यांच्यातली रासायनिक क्रिया. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी रिकामी होत आली तरी १२ च्या आसपास रेंगाळते. मोठा पंप लावून उपसा केला तर विहिरीची पातळी एकदम खाली जाते आणि पंप थांबवला की हळूहळू वर येते, तेही बॅटरीत हुबेहूब दिसतं. जड लोड काढल्यावर व्होल्ट परत चढतात ते याचमुळे.

आता तुमच्या दुकानाचा हिशोब करू. दोन कॉम्प्युटर मॉनिटरसकट २०० वॅट, पंखा ७५, दोन एलईडी ट्यूब ४०, राउटर १०. म्हणजे सव्वातीनशे वॅट. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, त्यामुळे बॅटरीकडून ४०० वॅटच्या आसपास ओढली जाणार, म्हणजे ३४ अँपिअर. १५० एएच हा आकडा २० तासांत हळूहळू काढली तरचा असतो. ३४ अँपिअरने काढली तर तेवढी मिळत नाही. तरी नवी बॅटरी अडीच-तीन तास सहज चालवते.

व्हिडिओतला संच २.७ व्होल्ट, ५०० फॅरडचे (फॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) सहा सेल एकामागे एक जोडून केलेला असतो. सहा जोडले की व्होल्ट वाढून १६.२ होतात, पण फॅरड सहाने भागले जाऊन ८३ उरतात. कपॅसिटरमधली ऊर्जा काढायचं सूत्र शाळेतलंच आहे, अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग. तुमचा इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला ‘बॅटरी लो’ म्हणून बंद पडतो. तेव्हा १२.६ पासून १०.५ पर्यंत उतरताना जेवढी ऊर्जा मिळेल तेवढीच कामाची. ती भरते साधारण २००० ज्यूल (एक वॅट एक सेकंद चालला की एक ज्यूल). ४०० वॅटने भागा. पाच सेकंद. उरलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये तशीच राहते, पण इन्व्हर्टरला तिचा उपयोग नाही.

मग व्हिडिओ खोटा आहे का? नाही, तो खरा आहे. गाडीच्या स्टार्टरला २०० अँपिअर लागतात, पण दोनच सेकंद. १० व्होल्ट धरले तरी ४००० ज्यूल. हाच संच १४ व्होल्टपर्यंत भरला तर १० व्होल्टपर्यंत उतरताना तेवढं देतो. काम सेकंदाचं आहे म्हणून जमतं. तो संच कशावर भरला, हेही बघायला हवं. बहुतेक वेळा गाडीच्या त्याच कमजोर बॅटरीवर. तिला एकदम २०० अँपिअर देता येत नाहीत, पण हळूहळू देता येतात. कपॅसिटरने ते थेंबाथेंबाने साठवून एकदम सोडलं.

आता कोणी म्हणेल, मोठे सेल घ्या. ३००० फॅरडचा २.७ व्होल्टचा सेल मिळतो, वजनाला अर्धा किलो. पूर्ण भरल्यावर त्यात ३ वॅट-अवर बसतात, म्हणजे ३ वॅटचा लोड तासभर चालेल एवढी वीज. निम्म्या व्होल्टपर्यंत उतरवला तर त्यातले पाऊण भाग, म्हणजे सव्वादोन मिळतात, आणि तेवढ्यासाठीही व्होल्ट स्थिर ठेवणारं वेगळं सर्किट लागतं. तुम्हाला अडीच तासांसाठी १००० वॅट-अवर हवेत. म्हणजे साडेचारशेच्या आसपास सेल. सव्वादोनशे किलो. एक सेल अगदी स्वस्तात १००० रुपयांना मिळाला असं धरलं, तरी साडेचार लाख. एवढे पैसे घालून मिळणार काय, तर जे आज एक बॅटरी करते तेच. तुम्ही एकदाच खर्च करायची तयारी दाखवताय म्हणून हे स्पष्ट सांगतो, हा खर्च करू नका.

किलोमागे किती वीज बसते ते बघितलं की चित्र लक्षात येतं. सुपरकपॅसिटरमध्ये किलोला पाच-सहा वॅट-अवर, लेड-ॲसिड बॅटरीत तीस-चाळीस, आणि लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट. उलट एका क्षणात किती जोर देता येतो यात कपॅसिटर सगळ्यांच्या पुढे. शांघायमध्ये २००६ मध्ये सुपरकपॅसिटरवर चालणाऱ्या बस सुरू झाल्या. त्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत चार्ज व्हायच्या आणि पुढच्या काही थांब्यांपर्यंत जायच्या. बस म्हणून ते जमलं कारण दर थोड्या अंतरावर पुन्हा भरायची सोय होती. तुमच्या दुकानात लाईट दोन तास गेली तर मध्ये भरणार कुठून?

कपॅसिटर जिथे खरोखर जिंकतो, असं माझ्या हातचं एक उदाहरण सांगतो. अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीन दिवसातून दोन-तीनदा आपोआप थांबायचं. लाईट गेलेली नसायची, फक्त दिवे एकदा डोळा मिटल्यासारखे व्हायचे. त्या पाव सेकंदात २४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय पडायचा, कॉन्टॅक्टर (मशीनला वीज जोडणारे मोठे स्विच) सुटायचे आणि आत धरलेला जॉब, म्हणजे घडत असलेला भाग, वाया जायचा. मालक मोठा यूपीएस आणि बॅटऱ्यांची रांग घ्यायला निघाले होते. मी आधी मोजलं. कंट्रोलचा लोड फक्त ६० वॅट, सांभाळायचा वेळ अर्धा सेकंदसुद्धा नाही. म्हणजे ३० ज्यूलचं काम. २४ व्होल्टच्या लाईनवर १ फॅरडचा सुपरकपॅसिटर संच लावला. भरताना मर्यादित करंट जावा म्हणून एक रेझिस्टर, संचातली वीज उलटी सप्लायकडे जाऊ नये म्हणून डायोड. २४ पासून २० व्होल्टपर्यंत उतरताना तो ८८ ज्यूल देतो. गरजेच्या जवळजवळ तिप्पट. नऊ वर्षं झाली, अजून तोच संच आहे. तिथे बॅटरी लावली असती तर पॅनेलच्या उष्णतेत दोन-तीन वर्षांत बदलावी लागली असती.

हे वाचून कोणी स्वतः संच जोडायला बसणार असेल तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एकामागे एक जोडलेले सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्याची क्षमता कमी, त्याच्यावर व्होल्ट जास्त चढतात आणि तो आधी मरतो. म्हणून प्रत्येक सेलवर बॅलन्सिंगचं, म्हणजे व्होल्ट सारखे ठेवणारं बोर्ड हवंच. दुसरं, कपॅसिटरला शॉर्ट करू नका. रिकामा कपॅसिटर चार्जरला शॉर्टसर्किटसारखाच दिसतो आणि भरलेला कपॅसिटर पाना टेकला तर शेकडो-हजारो अँपिअर सोडतो. माझ्याकडे शिकायला असलेल्या एका मुलाच्या हातून पाना टर्मिनलवर पडला, तो जागेवर चिकटून लाल झाला. मुलाच्या हातात अंगठी नव्हती हे नशीब. तेव्हापासून आमच्याकडे अंगठी आणि कडं काढल्याशिवाय कोणी बॅटरीला वा कपॅसिटरला हात लावत नाही.

तुमच्या शेजारच्या वायरमनने ‘कंडेन्सर लावला की बिलही कमी येतं’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. कंडेन्सर म्हणजे कपॅसिटरच, पण तो प्रकार निराळा. पंख्यात किंवा मोटारीत असतो तो एसीवरचा कपॅसिटर वीज साठवतो खरी, पण सेकंदाच्या शंभराव्या भागात परत करतो. पंख्याच्या अडीच एमएफडीच्या (मायक्रोफॅरड, फॅरडचा दहा लाखावा भाग) कंडेन्सरमध्ये फार तर ज्यूलचा आठवा भाग मावतो. कारखान्याच्या पॅनेलमध्ये तो पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते त्याचं प्रमाण) सुधारतो आणि तिथल्या बिलिंगच्या पद्धतीमुळे त्याचा फायदा होतो. तुमच्या छोट्या मीटरवर फक्त युनिट मोजले जातात. तिथे असा कंडेन्सरचा डबा प्लगमध्ये खोचून बिल कमी होत नाही. तो घेऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे येतो. सहा वर्षांत तीन बॅटऱ्या. ट्यूब्युलर बॅटरी नीट सांभाळली तर तिने चार-पाच वर्षं तरी द्यायला हवीत. तुमची दोन वर्षांत बसते, आणि माझ्या मते कारण त्या रात्रीच्या मेन स्विचमध्ये आहे.

रात्री तुम्ही मेन स्विच पाडता तेव्हा इन्व्हर्टरला काय वाटतं? लाईट गेली. तो लगेच बॅटरीवर जातो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर), कॅमेरे आणि राउटर मिळून ४० वॅट, शिवाय इन्व्हर्टर चालू राहण्यासाठी स्वतः खातो ते वेगळं. बॅटरीतून चार-पाच अँपिअर सतत जात राहतात. रात्री नऊ ते सकाळी नऊ, बारा तास. पन्नास-साठ एएच. म्हणजे तुमच्या दुकानात रोज रात्री बारा तासांचं लोडशेडिंग होतंय, आणि ते तुम्हीच करताय. दुपारी खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी आधीच अर्धवट भरलेली असते. तीन ते पाच लाईट गेली तर आणखी सत्तर एएच गेले. पाच ते नऊ या चार तासांत चार्जर १२ अँपिअरने पन्नासही परत करत नाही. मग पुन्हा मेन स्विच.

लेड-ॲसिड बॅटरीला अर्धपोटी झोपवणं सगळ्यात वाईट. डिस्चार्ज होताना प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच पूर्ण चार्ज केलं तर ते विरघळून परत मूळ रूपात जातं. तसंच राहू दिलं तर त्याचे कडक खडे होतात, आणि ते चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात आणि शेवटचा पाचवा हिस्सा सगळ्यात हळू भरतो. तुमच्या बॅटरीला तो हिस्सा दोन वर्षांत कधीच मिळाला नसावा. बॅटरी विकणाऱ्याने खराब माल दिला असंही असू शकतं, पण एकामागे एक तीन बॅटऱ्या तशाच बसल्या, तेव्हा मी आधी वापराकडे बघतो.

उपाय स्वस्त आहे. वायरमनला सांगून इन्व्हर्टरला मीटरपासून वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी द्या. रात्री दुकानाचा बाकीचा मेन बंद करा, हा एक चालू ठेवा. कॅमेरे लाईटवर चालतील आणि बॅटरी रात्रभर भरत राहील. आगीच्या भीतीने तुम्ही स्विच पाडता ते चुकीचं नाही. म्हणूनच ही वायर योग्य जाडीची, अर्थिंग नीट, आणि बॅटरीभोवती कागदाचे गठ्ठे नकोत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. शटर बंद केलेल्या दुकानात वर हवा जायला फट हवी. तशी जागा नसेल तर बॅटरी आतल्या कोंदट कोपऱ्यातून हलवा. जागा भाड्याची असेल आणि मालक वेगळी लाईन घेऊ देत नसेल, तर दुसरा मार्ग म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. ती महाग आहे, पण अर्धी भरलेली राहिली तर तिचं बिघडत नाही. त्यासाठी तुमच्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग आहे का ते आधी बघावं लागेल. नसेल तर घेऊ नका.

आणखी एक विचारायचं राहिलं. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक दुकानांत असतो. कागद तापवणारा त्याचा रोलर गरम होताना ८०० वॅटच्या वर झटके घेतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते ऐंशी अँपिअरहून जास्त होतात. असे झटके झेलणं हे कपॅसिटरला जमणारं काम, बॅटरीच्या प्लेटा त्याने खचतात. लाईट नसताना छपाई लागत असेल तर इंक टँकवाला प्रिंटर ठेवा, तो पंख्यापेक्षा कमी वीज खातो.

आता राहिला रीस्टार्ट होणारा कॉम्प्युटर. हे दुखणं मात्र खरोखरच कपॅसिटरचं आहे. प्रत्येक कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) एक मोठा कपॅसिटर असतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंतच्या क्षणात तोच कॉम्प्युटर जिवंत ठेवतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंद तरी धरावं. बहुतेक इन्व्हर्टरना बदलायला यूपीएस मोडमध्ये १० मिलिसेकंद लागतात आणि नॉर्मल किंवा इको मोडमध्ये ४० पर्यंत. तुमचा नवा कॉम्प्युटर टिकतो आणि जुना पडतो, याचा अर्थ जुन्याचा कपॅसिटर उष्णतेने सुकत आलाय. हा इलेक्ट्रोलाइटिक प्रकारचा असतो, आतला द्रव वर्षानुवर्षं उडत जातो. ‘कपॅसिटर आयुष्यभर टिकतो’ हे म्हणूनच सरसकट मानू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि सुपरकपॅसिटरलाही हाच नियम लागतो.

तेव्हा इन्व्हर्टरच्या मागचा स्विच आधी बघा. नॉर्मलवर असेल तर यूपीएसवर करा. त्यात एक अडचण येऊ शकते. यूपीएस मोडमध्ये लाईट १८० व्होल्टच्या खाली गेली की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर लाईट असूनही बॅटरी खर्च होत राहील. हे तुमच्या लाईनवर अवलंबून आहे, दोन-चार दिवस मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. तसं असेल तर स्विच नॉर्मलवर राहू द्या आणि जुन्या कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा लावा. नुसता एसएमपीएस बदलूनही काम होईल, पण तो उघडून कपॅसिटर बदलायचा प्रयत्न घरी करू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

थोडक्यात क्रम असा धरा. पहिल्यांदा इन्व्हर्टरची लाईन रात्री चालू राहील असं करा, मग लेझर प्रिंटर त्यावरून काढा, मग मागचा स्विच. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय चौथी बॅटरी विकत घेऊ नका, कारण तीही तशीच जाईल.

सध्याची बॅटरी पूर्ण गेली असेलच असं नाही. दोन दिवस सलग, रात्रीसुद्धा, चार्जिंगला ठेवा. त्याआधी सहाही सेलमधली पाण्याची खूण बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाका, पूर्ण खुणेपर्यंत चार्ज झाल्यावर भरा. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, ॲसिड तर मुळीच नको. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरी तीन-चार तास तशीच राहू द्या आणि मीटरने व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास आले तर आशा आहे. १२.२ म्हणजे अर्धीच भरली. हायड्रोमीटर बॅटरीवाल्याकडे मिळतो, त्याने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता घ्या. सगळ्या १२४० च्या जवळ आणि एकसारख्या हव्यात. एखादी बाकीच्यांपेक्षा तीसने खाली असेल तर तो सेल गेला.

व्होल्टचा आकडा आणि सहा सेलच्या सहा ग्रॅव्हिटी, शिवाय बॅटरीवर छापलेला महिना-वर्ष, एवढं इथेच लिहा. मग ही बॅटरी ठेवायची की बदलायची ते मी नेमकं सांगतो.